सामुराई युद्धपद्धतीतील तलवारीचे स्थान : शस्त्रे, चिलखत आणि रणनीती यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

जपानच्या मध्ययुगीन इतिहासात सामुराई या योद्धावर्गाला असाधारण महत्त्व आहे. ‘सामुराई’ हा शब्द ‘सेवेत राहणे’ या अर्थाच्या जुन्या जपानी क्रियापदावरून आला असून या वर्गासाठी ‘बुशी’ म्हणजे योद्धा हा शब्दही रूढ होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस राजसत्तेवर या वर्गाचे वर्चस्व प्रस्थापित झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते टिकून राहिले. सामुराई म्हटले की कमरेला वक्र तलवार लावलेला, एकटा आणि निर्भय असा योद्धा आज जगभरातील वाचकांच्या व प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. कादंबऱ्या, चित्रपट व संग्रहालये यांनी ही प्रतिमा दृढ केली आहे.

ऐतिहासिक साधने मात्र काहीसे वेगळे चित्र दाखवितात. रणांगणावर प्रत्यक्ष लढणाऱ्या सामुराईचे मुख्य शस्त्र प्रारंभी धनुष्य, नंतर भाला आणि अखेरीस बंदूक हे होते. तलवार प्रत्येक काळात त्याच्यासोबत होती, परंतु बहुतांश प्रसंगी ती दुय्यम शस्त्र म्हणूनच वापरली गेली. तलवारीला ‘सामुराईचा आत्मा’ हे स्थान मिळाले ते युद्धे थांबल्यानंतर. शांततेच्या काळात घडलेली प्रतिमा युद्धकाळाच्या इतिहासावर कशी आरोपित होते, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उद्बोधक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सामुराईंच्या प्रमुख शस्त्रांत कालानुक्रमे झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२. शस्त्रे, चिलखत व रणनीती यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. तलवारीच्या प्रतीकात्मक महत्त्वाची ऐतिहासिक कारणे शोधणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. युद्धकथा, चित्रपट्टिका, लढाईनंतर सादर केलेली सेवापत्रे, उत्खननातील अवशेष आणि आधुनिक अभ्यासकांचे ग्रंथ यांतून उपलब्ध होणाऱ्या माहितीची परस्परांशी तुलना करून विवेचन केले आहे.

अश्वारूढ धनुर्धराचा कालखंड :

इ.स. ११८० ते ११८५ या काळात मिनामोतो आणि ताइरा या दोन घराण्यांत झालेले गेनपेई युद्ध हा सामुराई इतिहासातील निर्णायक टप्पा होय. या काळात योद्ध्याच्या जीवनमार्गास ‘धनुष्य आणि अश्व यांचा मार्ग’ असे म्हटले जाई. या संज्ञेत तलवारीचा उल्लेख नाही, ही बाब लक्षणीय आहे. ‘हेइके मोनोगातारी’ या युद्धकथेत ११८५ च्या याशिमाच्या लढाईतील जो प्रसंग सर्वाधिक लोकप्रिय ठरला, तोही नासु नो योइची याने डोलणाऱ्या नौकेवरील पंखा एका बाणात टिपल्याचा आहे. त्या काळी योद्ध्याची कीर्ती धनुर्विद्येवर अवलंबून होती, हे यावरून दिसून येते.

जपानी धनुष्याची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. लाकूड व बांबूच्या पट्ट्या एकत्र जोडून तयार केलेले हे धनुष्य दोन मीटरहून अधिक लांब असे. त्याची मूठ मध्यभागी नसून खालच्या टोकापासून साधारण एक-तृतीयांश उंचीवर असे. खालचा भाग आखूड असल्यामुळे घोड्यावर बसून ते हाताळणे सोयीचे होई. तत्कालीन जपानी घोडे आजच्या शर्यतीच्या घोड्यांच्या तुलनेत बरेच लहान, खांद्यापाशी सुमारे १३० सेंटिमीटर उंचीचे होते. अशा घोड्यावर जड चिलखत घातलेला स्वार दीर्घकाळ वेगाने दौड करू शकत नसे. त्यामुळे शत्रूच्या जवळ जाऊन चिलखताच्या फटीत अचूक बाण मारणे, हीच या युद्धपद्धतीतील कौशल्याची बाब होती.

या काळातील ‘ओ-योरोई’ हे चिलखतही अश्वारूढ धनुर्धराच्या गरजेतूनच घडले होते. लोखंड व कमावलेल्या चामड्याच्या छोट्या पत्र्यांवर झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचा लेप देऊन त्या रेशमी दोऱ्यांनी एकत्र गुंफल्या जात. धनुर्धराचे दोन्ही हात गुंतलेले असल्याने त्याला ढाल धरणे शक्य नसे. म्हणून खांद्यांवर आयताकृती रुंद फलक बांधले जात व तेच ढालीचे काम करीत. छातीच्या भागावर गुळगुळीत चामडे बसविलेले असे, जेणेकरून प्रत्यंचा पत्र्यांत अडकू नये. सुमारे २५ ते ३० किलोग्रॅम वजनाचे हे चिलखत घोड्यावर सोयीचे, पण पायी लढताना अडचणीचे होते, कारण त्याचा बराचसा भार खांद्यांवर पडे. तलवारयुद्ध हे मुख्य प्रयोजन असते तर चिलखताची रचना निश्चितच वेगळी झाली असती.

मंगोल आक्रमणे आणि चित्रपट्टिकेची साक्ष :

इ.स. १२७४ व १२८१ मध्ये कुबलाई खानाच्या सैन्याने क्युशू बेटावर आक्रमण केले. पहिल्या आक्रमणानंतर १२७६ मध्ये हाकाता उपसागराच्या किनाऱ्यावर सुमारे २० किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी उभारण्यात आली. या युद्धात सहभागी झालेला ताकेझाकी सुएनागा हा मध्यम दर्जाचा योद्धा होता. पराक्रमाचे बक्षीस मिळविण्यासाठी तो १२७५ मध्ये थेट कामाकुरापर्यंत गेला आणि पुढे त्याने आपल्या कामगिरीची चित्रपट्टिका तयार करवून घेतली. या चित्रपट्टिकेत दोन्ही बाजूंनी होणारा बाणांचा वर्षाव ठळकपणे चित्रित आहे. सुएनागाचा घोडाही जखमी झालेला दिसतो. तलवारीचा वापर मुख्यतः शत्रूच्या नौकेवर चढल्यानंतर, म्हणजे अगदी निकटच्या झुंजीत होतो. मंगोलांनी वापरलेल्या स्फोटक गोळ्यांचे चित्रही तीत आहे. ताकाशिमा बेटाजवळच्या समुद्रतळावर असे मातीचे गोळे सापडल्याने त्यांच्या वापरास स्वतंत्र पुरावाही मिळाला आहे.

जखमांच्या नोंदींचे महत्त्व :

लढाई संपल्यानंतर योद्धे आपल्या वरिष्ठांकडे सेवापत्रे सादर करीत. कोणत्या ठिकाणी लढलो, किती शिरे मिळविली, कोणाला कोणत्या शस्त्राने कोठे जखम झाली, याची नोंद त्यांत असे. बक्षिसाचा दावा त्यावर अवलंबून असल्याने वरिष्ठ अधिकारी ही पत्रे तपासून शिक्कामोर्तब करीत. चौदाव्या शतकातील अशा पत्रांचा अभ्यास थॉमस कॉन्लन यांनी ‘स्टेट ऑफ वॉर’ (२००३) या ग्रंथात केला आहे. शस्त्राचा स्पष्ट उल्लेख असलेल्या जखमांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जखमा बाणांच्या, तर सुमारे एक-चतुर्थांश जखमा तलवारीसारख्या धारदार शस्त्रांच्या असल्याचे त्यातून दिसून येते. त्या काळात भाल्याच्या जखमा अत्यल्प होत्या. पंधराव्या व सोळाव्या शतकांत भाल्याचे आणि नंतर बंदुकीच्या गोळीचे प्रमाण वाढत गेले, तर तलवारीच्या जखमांचे प्रमाण घटले. दगडांच्या जखमांचीही नोंद या पत्रांत आढळते.

येथे एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. जखमांची नोंद म्हणजे मृत्यूंची नोंद नव्हे. कामाकुरातील झाइमोकुझा येथे १९५३ मध्ये झालेल्या उत्खननात १३३३ च्या लढाईशी संबंधित मानले जाणारे मानवी अवशेष मोठ्या संख्येने मिळाले आणि त्यांतील अनेक हाडांवर धारदार शस्त्रांचे घाव आढळले. बाणाची जखम बहुधा मांसल भागात होत असल्याने तिची खूण हाडावर राहतेच असे नाही, हे खरे आहे. तरीही तलवार रणांगणावर निरुपयोगी होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जवळच्या झुंजीत, पाठलागात आणि पडलेल्या शत्रूचे शिर कापण्यासाठी तलवारीचा व आखूड पात्याच्या शस्त्राचा उपयोग होतच असे. प्रश्न तिच्या अस्तित्वाचा नसून तिच्या स्थानाचा आहे.

तलवारीची निर्मिती आणि स्वरूप :

तलवार दुय्यम शस्त्र होते, याचा अर्थ तिच्या निर्मितीकडे दुर्लक्ष झाले असा नव्हे. लोहवाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत तापवून मिळविलेले पोलाद वारंवार घडी घालून ठोकले जाई. त्यामुळे त्यातील मळी निघून जाई आणि कार्बनचे प्रमाण सर्वत्र सारखे होई. पात्यावर मातीचा लेप, धारेकडे पातळ व पाठीकडे जाड, असा देऊन ते तापवून पाण्यात बुडविले जाई. धार त्वरेने थंड होऊन कठीण बने आणि पाठीचा भाग तुलनेने चिवट राही. घोडेस्वाराची ‘ताची’ ही तलवार धार खाली ठेवून कमरेला टांगली जाई, तर नंतर रूढ झालेली ‘काताना’ धार वर करून कमरपट्ट्यात खोचली जाई. पायी लढणाऱ्याला ती झटकन उपसता येई. तथापि धातूच्या चिलखतावर तलवारीचा घाव फारसा परिणाम करीत नसे आणि कठीण धारेला खांडे पडण्याची भीती असे. हा तांत्रिक मुद्दा लक्षात घेतला म्हणजे संघटित लढाईत लांब पल्ल्याच्या शस्त्रांना प्राधान्य का मिळाले, याचा उलगडा होतो.

भालाईत पायदळाचा उदय :

इ.स. १४६७ ते १४७७ या काळातील ओनिन युद्धाने क्योटो शहर उद्ध्वस्त केले आणि मध्यवर्ती सत्ता खिळखिळी झाली. पुढील सुमारे शंभर वर्षांचा काळ ‘सेनगोकु’ म्हणजे युद्धरत राज्यांचा काळ म्हणून ओळखला जातो. या काळात प्रादेशिक सत्ताधीशांनी शेतकरी व सामान्य वर्गातील लोकांना मोठ्या संख्येने सैन्यात घेतले. ‘आशिगारू’ म्हणजे ‘हलक्या पायाचे’ या नावाने ओळखले जाणारे हे पायदळ सामुराई सैन्याचा कणा बनले.

धनुर्विद्येत प्रावीण्य मिळविण्यास अनेक वर्षे लागत. याउलट भालाईतांची रांग अल्प काळात तयार करता येई. ओदा नोबुनागा याच्या पायदळाकडे साडेतीन केन, म्हणजे सहा मीटरहून अधिक लांबीचे भाले असल्याचा उल्लेख त्याच्या चरित्रात येतो. एवढ्या लांब भाल्याने एकट्याने द्वंद्व करणे अशक्यच होते. रांगेत उभे राहून, आज्ञेनुसार सर्वांनी एकाच वेळी वापरण्याचे ते शस्त्र होते. सतराव्या शतकातील ‘झोह्यो मोनोगातारी’ या सामान्य सैनिकांसाठीच्या ग्रंथात भाला केवळ भोसकण्यासाठी आहे असे न समजता तो सर्वांनी मिळून वरून आपटावा, असा व्यावहारिक उपदेश आढळतो. वैयक्तिक शौर्यापेक्षा शिस्त व समूह यांना महत्त्व आल्याचे हे द्योतक आहे.

बंदुकीचे आगमन आणि गोव्याचा संबंध :

इ.स. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगीजांकडून तेथील तरुण अधिपती तानेगाशिमा तोकिताका याने तोड्याच्या दोन बंदुका विकत घेतल्या, अशी माहिती १६०६ च्या ‘तेप्पोकी’ या वृत्तांतात मिळते. स्थानिक लोहारांना बंदुकीच्या नळीचे मागचे तोंड आट्यांच्या पेचाने बंद करण्याची कृती प्रथम साधली नाही, परंतु ती अडचण लवकरच दूर झाली. साकाई, कुनितोमो व नेगोरो ही बंदूकनिर्मितीची प्रमुख केंद्रे बनली आणि काही दशकांतच जपानमध्ये बंदुकांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले.

या घडामोडीमागे पोर्तुगीजांचे आशियाई सागरी जाळे होते. इ.स. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी जिंकलेले गोवा हे त्यांच्या पूर्वेकडील साम्राज्याचे प्रमुख ठाणे होते व तेथे शस्त्रनिर्मितीही होत असे. जपानमध्ये पोहोचलेल्या बंदुकांची कळ गोवा व मलाक्का येथील बंदुकांशी मिळतीजुळती असल्याचे मत अनेक शस्त्र-अभ्यासकांनी मांडले आहे. गोवा-मलाक्का-मकाव-नागासाकी या सागरी मार्गाने पुढे धर्मप्रसारक, व्यापारी माल आणि राजकीय पत्रव्यवहार यांची ये-जा झाली. पोर्तुगीज भारताचे व्हाइसरॉय दुआर्ते द मेनेझेस यांनी १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी याला पाठविलेले पत्र १५९१ मध्ये क्योटो येथे अलेस्सांद्रो वालिन्यानो याने सादर केले. त्यासोबतच्या भेटींत युरोपीय तलवारी, चिलखते, बंदुका व घोडा यांचा समावेश होता. हे पत्र आजही क्योटोत जतन केलेले असून त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. बंदुकीसाठी लागणारा सोरा व शिसे यांची जपानला आयात करावी लागे. त्या काळातील शिशाच्या गोळ्यांच्या पृथक्करणातून काही शिसे आजच्या थायलंडमधील खाणींतून आले होते, असे निष्पन्न झाले आहे. त्यामुळे बंदरे व व्यापार यांवर ज्याचे नियंत्रण, त्याचे सैन्य प्रबळ, हे समीकरण निर्माण झाले.

नागाशिनोची लढाई : वस्तुस्थिती आणि आख्यायिका

इ.स. १५७५ मध्ये ताकेदा कात्सुयोरी याने मिकावा प्रांतातील नागाशिनो किल्ल्याला वेढा दिला. किल्ल्याच्या मदतीस ओदा नोबुनागा व तोकुगावा इएयासु यांचे संयुक्त सैन्य आले. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार या सैन्याची संख्या सुमारे ३८,०००, तर ताकेदांची सुमारे १५,००० होती. संयुक्त सैन्याने ओढ्यामागे लाकडी कुंपणे उभारून त्यांच्या आड बंदूकधारी उभे केले. पहाटेपासून दुपारपर्यंत चाललेल्या लढाईत ताकेदांचे वारंवार झालेले हल्ले मोडून पडले. बाबा नोबुहारु, यामागाता मासाकागे यांसारखे अनुभवी सेनानी मारले गेले.

या लढाईत ३,००० बंदूकधाऱ्यांनी तीन रांगांत आळीपाळीने बार काढले, असे वर्णन दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. अकिरा कुरोसावा यांच्या ‘कागेमुशा’ (१९८०) या चित्रपटामुळे ही लढाई जगभर पोहोचली. परंतु नोबुनागाच्या सेवेतील ओता ग्युइची याने लिहिलेल्या ‘शिन्चो कोकी’ या चरित्रात तीन रांगांच्या फैरींचा उल्लेख नाही. बंदुकांची संख्याही काही हस्तलिखितांत १,००० अशी आढळते. तीन रांगांची कथा सतराव्या शतकाच्या प्रारंभीच्या ओझे होआन याच्या लेखनातून रूढ झाली आणि मेइजी काळातील लष्करी इतिहासलेखनाने तिला अधिकृत स्वरूप दिले. ताकेदांकडेही बंदुका होत्याच. म्हणून ही लढाई ‘जुन्या तलवारीवर नव्या बंदुकीचा विजय’ अशी रंगविणे योग्य नाही. संख्याबळ, कुंपणांचा आडोसा, भूप्रदेशाची निवड आणि दारूगोळ्याचा अखंड पुरवठा यांचा तो एकत्रित परिणाम होता.

बंदुकीचा परिणाम चिलखतावरही झाला. दोऱ्यांनी गुंफलेल्या पत्र्यांऐवजी लोखंडाच्या मोठ्या पट्ट्या व अखंड पत्रे असलेले ‘तोसेई-गुसोकू’ म्हणजे ‘आधुनिक चिलखत’ प्रचारात आले. ते अधिक मजबूत, तयार करण्यास सुलभ आणि पायी चालण्यास सोयीचे होते. काही चिलखतांवर गोळी झाडून मजबुती तपासली जाई व गोळीची खूण मुद्दाम तशीच ठेवली जाई. युरोपीय छातीपत्र्यांचाही वापर झाला. इएयासुचे या धर्तीचे चिलखत निक्को येथील तोशोगू देवस्थानात जतन केलेले आहे. सामान्य सैनिकांना मालकाकडून उसने चिलखत व शंकूच्या आकाराची टोपी मिळे. प्रचंड सैन्यात ओळख पटावी म्हणून पाठीला निशाणे बांधली जात, तर सरदार चित्रविचित्र आकारांची शिरस्त्राणे घालीत.

शांततेचा काळ आणि तलवारीचे प्रतीकीकरण :

हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील शस्त्रे जप्त करण्याचा हुकूम काढला. इ.स. १६०० ची सेकिगाहाराची लढाई आणि १६१५ मध्ये ओसाका किल्ल्याचा पाडाव यानंतर तोकुगावा राजवटीत अडीच शतकांची शांतता नांदली. १६३७-३८ मधील शिमाबाराचा उठाव हा तिला ठळक अपवाद होता. या मोहिमेशी निगडित एक घटना बोलकी आहे. जपानचा सर्वांत विख्यात तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी या वेढ्यात उपस्थित होता आणि वरून टाकलेल्या दगडाने आपल्या पायाला इजा झाल्याचे त्याने पत्रात नमूद केले आहे. पुढे सुमारे १६४५ मध्ये त्याने तलवारविद्येवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला.

शांततेच्या काळात सामुराई हे प्रामुख्याने प्रशासक व कारकून बनले. धनुष्य, भाला व बंदूक ही शस्त्रे रोज जवळ बाळगण्याची नव्हती. लांब व आखूड अशा तलवारींची जोडी मात्र कमरेला लावता येई आणि ती लावण्याचा मान या वर्गापुरता राखीव होता. त्यामुळे तलवार हे सामाजिक दर्जाचे चिन्ह बनले. तलवारविद्येच्या शाळा वाढल्या आणि तिला नैतिक व आध्यात्मिक अर्थ प्राप्त झाला. याच काळात जपानने बंदूक त्यागली, असे प्रतिपादन नोएल पेरिन यांनी १९७९ मध्ये केले होते. तथापि पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना व हरणांना हुसकावण्यासाठी खेड्यापाड्यांत बंदुका मोठ्या संख्येने वापरात होत्या, असे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. बंदूक नाहीशी झाली नव्हती, केवळ तिची प्रतिष्ठा नाहीशी झाली होती.

मेइजी शासनाने १८७६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी घातली. वर्ग म्हणून सामुराई संपुष्टात आले आणि त्यानंतर त्यांची प्रतिमा अधिकच उजळ झाली. निटोबे इनाझो यांनी १९०० मध्ये ‘बुशिदो’ हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला व त्यातील एक प्रकरण ‘सामुराईचा आत्मा’ म्हणून तलवारीला वाहिले. पाश्चात्त्य जगाला सामुराईची ओळख मुख्यत्वे या ग्रंथाने झाली. पुढे १९३४ मध्ये जपानी लष्कराने अधिकाऱ्यांसाठी जुन्या ‘ताची’च्या धर्तीवरील तलवार स्वीकारली. यंत्रयुगातील सैन्याला प्राचीन योद्ध्यांचा वारसदार ठरविण्यासाठी या प्रतीकाचा उपयोग करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात त्याची किंमत आशियातील अनेक देशांतील सामान्य जनतेला आणि खुद्द जपानी सैनिकांनाही मोजावी लागली.

निष्कर्ष :

१. सामुराईंचे मुख्य शस्त्र स्थिर नव्हते. धनुष्य, भाला व बंदूक असा त्याचा क्रम असून प्रत्येक टप्प्यावर तलवार हे पूरक शस्त्र राहिले.
२. चिलखताची रचना प्रत्येक काळातील मुख्य शस्त्राशी निगडित होती. ‘ओ-योरोई’ धनुर्धरासाठी, तर ‘तोसेई-गुसोकू’ पायी लढणाऱ्या व गोळीला तोंड देणाऱ्या सैनिकासाठी घडले.
३. एकट्या वीराच्या पराक्रमाकडून शिस्तबद्ध पायदळाकडे झालेले संक्रमण हा रणनीतीतील सर्वांत मोठा बदल होता. त्यात सामान्य वर्गातील सैनिकांचा वाटा मोठा असूनही लोकप्रिय इतिहासात त्यांना अल्प स्थान मिळाले.
४. बंदुकीच्या प्रसारामागे गोव्यासह आशियाई सागरी व्यापाराचे जाळे होते. सामुराई युद्धपद्धती ही बाह्य जगापासून अलिप्त नव्हती.
५. तलवारीचे सर्वोच्च स्थान हे शांतताकाळातील सामाजिक व्यवस्थेचे आणि आधुनिक राष्ट्रवादाचे फलित आहे. ते मध्ययुगीन रणांगणाचे प्रतिबिंब नव्हे.

योद्ध्याची प्रतिमा आणि युद्धाचा इतिहास या दोन भिन्न बाबी आहेत. त्यांची गल्लत झाली की भाला धरून रांगेत उभा असलेला अनाम आशिगारू विस्मृतीत जातो आणि युद्ध हे सुंदर शस्त्राच्या तेजाने उजळलेले भासू लागते. जखमांच्या नोंदी असलेली जुनी सेवापत्रे हा समज दूर करतात. इतिहासाच्या अध्यापनात अशा साधनांना आख्यायिकांच्या बरोबरीने नव्हे, तर त्यांच्या आधी स्थान मिळणे आवश्यक आहे.